ओळख देणारी

१

आमच्या बँकेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामी मी एकटीच होते. माझा धाकटा भाऊ श्रीहरी बँकेचा अध्यक्ष. तो म्हणाला, "अक्का, छत्तीस वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवलंस, तुला काय अवघड आहे? ऐंशी पानं लिही. मार्चअखेर आपण बेंगळुरूच्या बँकेत विलीन होणार. मग आपलं नाव त्या पुस्तकातच काय ते राहणार." मी हो म्हटलं. लग्न केलेलं नाही, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, आणि घरी बसून भावजयीच्या आमटीला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं होतं.

जानेवारीपासून मी रोज रायापूरहून चिगरी नावाच्या जलद बसने हुबळीला जाऊ लागले. साडेदहाला कमरीपेठेत, बँकेत. कमरीपेठ हितवर्धक सहकारी बँक असं तीन भाषांत पाटीवर लिहिलेलं असलं तरी लोक तिला शिरोळकरांची बँक म्हणतात. आमचे आजोबा नागोजी शिरोळकर कापडाच्या धंद्यासाठी इकडे आले आणि एकोणीसशे चौतीस साली त्यांनी ही काढली. सहकारी हे नावाला. अध्यक्षाची खुर्ची तीन पिढ्यांत घराबाहेर गेली नाही. निवडणुका नियमाने व्हायच्या आणि नियमाने बिनविरोध व्हायच्या.

आजोबांचा एक दंडक मात्र पहिल्याच पानावर घालण्यासारखा होता. ओळख दिल्याशिवाय खातं नाही. तशी जुन्या काळी सगळ्याच बँकांत कुणाची तरी सही लागे, पण आमच्याकडे नुसत्या सहीवर भागत नसे. ओळख देणाऱ्याने स्वतः यायचं, नव्या माणसाच्या शेजारी उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मी यांना ओळखतो." कन्नड माणूस असला तर, "इवरन्न ना बल्ले." मग नमुना सहीच्या कार्डावर सही करायची. ज्याच्याबरोबर दोन दिवाळ्या काढल्या नाहीत त्याची ओळख द्यायची नाही. आजोबांनी स्वतःच्या जावयालाही एक दिवाळी ताटकळत ठेवलं होतं, आणि आत्याने ते मरेपर्यंत बोलून दाखवलं.

घरच्या मुलांनाही यातून सुटका नव्हती. अठरा पूर्ण झाली की अप्पा, म्हणजे आमचे वडील सदाशिव, आम्हाला बँकेत नेत आणि भरल्या बँकेत सांगत, "मी हिला ओळखतो." त्या दिवशी मी लाजेने अर्धी झाले होते. आता ते आठवलं की भरून येतं.

पुढे आधार कार्ड आलं आणि हा सगळा सोहळा बंद पडला. पण आमच्या घराला पैशापेक्षा त्या वाक्याची मिजास जास्त. शिरोळकरांपैकी कुणी कधी खोटी ओळख दिली नाही. मीही नोकरीत एकाही पोराची खोटी हजेरी लावली नाही. त्याबद्दल पोरं मागे मला काय म्हणायची तेही मला माहीत आहे.

२

बँकेत शिरल्यावर उजव्या हाताला, खिडकीखाली एक लांब बाक आहे. त्यावर जो बसेल त्याला चहा द्यायचा, काम असो वा नसो, हेही आजोबांचंच. बावीस वर्षं नोकरीत असलेला मंजुनाथ शिपाई अकरा वाजता बाकाकडे एक नजर टाकतो, आत जातो आणि बरोब्बर तितके पेले घेऊन येतो.

मी मागच्या टेबलावर बसून जुनी दप्तरं वाचायची आणि वहीत टिपणं काढायची. वर्गात शिरल्याशिरल्या डोकी मोजायची माझी जुनी खोड आहे, ती इथेही चालू होती. तीन आठवड्यांनी वही चाळताना मला माझ्याच अक्षरातल्या काही ओळी दिसल्या. सतरा जानेवारी, बाकावर पाच, चहा चार. वीस जानेवारी, बाकावर सहा, चहा पाच. एकवीसला पुन्हा तसंच. अशा अकरा नोंदी होत्या, आणि त्यातली एकही केल्याचं मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेन खाली ठेवून नीट पाहिलं. बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला एक बाई बसली होती. साठीची असावी. फिकट सुती पातळ, मांडीवर हात. मंजुनाथ पेले देत देत आला, तिच्या शेजारच्या माणसाला त्याने चहा दिला आणि रिकामा ट्रे घेऊन वळला.

"मंजुनाथ, त्यांना राहिला की रे."

"यारिगे री?" कुणाला, असं त्याने विचारलं. मग बाकाकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अय्यो, चुकलं अक्कावरे!" तो धावत जाऊन चहा घेऊन आला. बाईने पेला घेतला. दुसऱ्या दिवशी तो तिला पुन्हा विसरला. तिसऱ्या दिवशीही विसरला.

मी कॅशियरला विचारलं, त्याला वाटत होतं ती कुणाबरोबर तरी आलेली असते. बाकावरच्या लोकांनाही तसंच वाटत होतं. ती काउंटरवर कधी जात नसे, तिला कुणी हाक मारत नसे, आणि दोनला कॅश बंद झाली की ती उठून जाई. मला मंजुनाथला हसायचा अधिकार नव्हता. घरी गेल्यावर तिचा चेहरा आठवायला बसले तर मलाही फक्त पातळ आठवायचं. म्हणून मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, "भिंतीकडे पाहणे."

आता यात घाबरण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला बजावलं. गावात अशी माणसं असतातच, ज्यांना घरी कुणी विचारत नाही आणि जी पंख्याखाली बसायला बँकेत येतात.

३

फेब्रुवारीत कार्डांच्या कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात अकरा कार्डं होती. प्रत्येकाच्या मागे ओळख देणाऱ्याच्या हातची एकच ओळ होती, "आता ओळखत नाही." खाली सही आणि तारीख.

ओळख परत घेता येते हे मला माहीतच नव्हतं. आजोबांच्या नियमांच्या छापील पत्रकात शोधलं तर सोळाव्या कलमात ते होतं. ज्याने ओळख दिली त्याला ती परत घेता येईल, मात्र कार्ड त्याच्या स्वतःच्या हातात हवं. कार्ड फाडू नये, वेगळं ठेवावं. पुस्तकासाठी हा मसाला उत्तम होता. मी खुशीत येऊन त्या अकरा जणांची माहिती काढायला निघाले.

कुणाचीच माहिती मिळाली नाही. एकोणीसशे छप्पनचं एक कार्ड हिराबाई नावाच्या बांगडीवालीचं होतं, पत्ता बँकेच्याच गल्लीचा. तिच्या शेजारच्या दुकानातले म्हातारे अजून आहेत. लहानपणापासून ते त्याच ओट्यावर बसतात. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बांगड्यांचं दुकान इथं नव्हतंच कधी, अक्का. इथं बोळ होता." बोळ काही दिसत नव्हता. दोन दुकानांच्या मधे बंद असलेलं तिसरं दुकान होतं आणि फळ्यांवर बांगड्यांचं चित्र होतं. ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी पाहिलं, हो हो म्हणाले आणि पावसाचं बोलू लागले.

माणसं विसरतात, त्यात काय मोठंसं, असं म्हणत मी परत आले आणि उरलेली कार्डं उलटीसुलटी करून पाहू लागले. शेवटचं कार्ड एकोणीसशे ऐंशीचं होतं.

नाव: वेणू सदाशिव शिरोळकर. वय अठरा. पत्ता आमच्या तेव्हाच्या घराचा. ओळख देणार म्हणून सही अप्पांची. फोटोतल्या मुलीच्या दोन वेण्या होत्या आणि हनुवटी आमच्या घराची, म्हणजे जरा जास्तच पुढे आलेली. मागे अप्पांचंच अक्षर, "आता ओळखत नाही." साल एकोणीसशे त्र्याऐंशी.

मी आणि श्रीहरी, आम्ही दोघंच भावंडं. हे मी पासष्ट वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. ते कार्ड हातात धरल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

४

श्रीहरीने कार्ड पाहून खांदे उडवले. "चुलतबिलत कुणी असेल. तू पुस्तक लिही बघू आधी." स्वाती, त्याची बायको, पोळ्यांची कणीक मळत होती. ती वाकून फोटो बघायला आली, आणि माझं लक्ष तिच्या परातीकडे गेलं. आमच्या आईला भांड्यांवर नावं घालून घ्यायचा फार सोस होता. मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला एक भांडं, त्यावर नाव आणि साल. या परातीच्या काठावर खोदलेलं होतं, चि. वेणू, १९७४.

"ही कधीपासून आहे गं?"

"मी या घरात आल्यापासून रोज यातच मळते की," स्वाती म्हणाली. तिने काठावर बोट फिरवलं. "अय्या, नाव आहे होय? कधी वाचलंच नाही बघा."

अप्पा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. गुडघे गेले, डोकं लख्ख आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या खातेदाराच्या सुनेचं माहेर सांगतील. मी त्यांच्या खोलीत गेले आणि काही न बोलता कार्ड हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ त्यांनी फोटो पाहिला, मागची ओळ वाचली नाही.

"तुला आठवते ही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं आहे मग."

"अप्पा, कोण आहे ही? तुम्हीच लिहिलंय हे."

"हो, मीच लिहिलंय. खरं होतं म्हणून लिहिलं." त्यांनी कार्ड मला परत दिलं. "डब्यात ठेव. आणि इंदू, पुस्तकात घालू नकोस."

आता मला सगळं समजलं, असं मला वाटलं. काय झालं असणार ते दुसऱ्या कुठल्याही घरातलं असतं तर मी पहिल्या मिनिटात सांगितलं असतं. मुलगी कुणाचा तरी हात धरून गेली. अप्पांनी ओळख काढून घेतली. आईने फोटो फाडले, श्रीहरीला गप्प बसवलं, आणि मी? तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, नुकती नोकरीला लागले होते. घराचं नाव जपायला मी माझ्या सख्ख्या बहिणीला इतकं विसरले की ती होती हेही विसरले. कॉलेजात मी मुलींना हिमतीने जगायची भाषणं देत होते. मला स्वतःची किळस आली. 

कार्ड मी डब्यात ठेवलं नाही. पर्समध्ये ठेवलं.

५

बाकावरच्या बाईचा आणि कार्डाचा संबंध मी आधीच जोडायला हवा होता. पण कार्ड पाहताना बाई आठवत नसे आणि बाईकडे पाहताना कार्ड. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी कार्ड उजव्या हातात धरून, वहीच्या पुठ्ठ्यावरची ओळ वाचून, सरळ भिंतीकडे गेले आणि तिच्याशेजारी बसले. तीच हनुवटी होती.

"नाव काय तुमचं?"

"वेणू."

"कुणाकडच्या?"

"शिरोळकरांकडची." आवाज साधा, जरा बसलेला. बोलणं आमच्या घरातलं.

"इथं काय काम असतं?"

"काम काय असायचंय? कुणी ओळख दिली की घरी जायचं."

"कधीपासून यायलाय?"

तिने बाकावर हात फिरवला. "हा नव्हता. आधीचा शिसवी होता, तेव्हापासून."

शिसवी बाक एक्याण्णव साली मोडीत काढल्याची नोंद मी आदल्याच आठवड्यात वाचली होती.  तरी मी विचारलं, "मला ओळखता तुम्ही?"

"ते मी सांगून कसं चालेल?" ती म्हणाली. तक्रार नव्हती, राग नव्हता. "तुम्ही सांगायचं असतं."

दोन वाजले तशी ती उठली. मी तिच्यामागून दारापर्यंत गेले. बाहेर रिक्षावाले होते, ऊन होतं, ओट्यावर म्हातारे होते, आणि मी बाहेर का आले ते मला आठवेना. आत येऊन पुठ्ठ्यावरची ओळ वाचली तेव्हा आठवलं, आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले. विलीनीकरणाला अठरा दिवस उरले होते. मग बँक नसणार, बाक नसणार, तिची ओळख द्यायला जागाच उरणार नव्हती. हे कुणीतरी करायचं होतं आणि ते माझ्याशिवाय कुणी करणार नव्हतं.

६

ते अठरा दिवस मी स्वतःशी भांडत काढले. ओळख म्हणजे काय हे मला अप्पांनी शिकवलं होतं. मला ती आठवत नव्हती. दोन दिवाळ्यांचं सोडाच, एक संध्याकाळ आठवत नव्हती. कोऱ्या मनाने उभं राहून "ओळखते" म्हणणं म्हणजे खोटी हजेरी लावणंच. पण कार्ड खरं होतं, परात खरी होती, हनुवटी खरी होती. माझी आठवण तेवढी खोटी, असं मी शेवटी ठरवलं. त्या आठवणीपायी एका माणसाला चाळीस वर्षं बाकावर बसवायचं हा कुठला प्रामाणिकपणा?

शेवटच्या दिवशी बँकेत झेंडूची तोरणं होती आणि पेढे होते. बेंगळुरूच्या बँकेचे दोन तरुण कर्मचारी नमुना सह्यांची कार्डं खोक्यांत भरून चिकटपट्टी लावत होते. चारला ती खोकी घेऊन गाडी निघणार होती. ती भिंतीकडे बसली होती आणि तिच्या हातात पेढा नव्हता.

पावणेदोनला मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "ऊठ," म्हटलं. ती उठली आणि माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली, जिथे नवा माणूस उभा राहायचा तिथेच. आम्ही काउंटरपाशी गेलो. 

"मी हिला ओळखते," मी मोठ्याने म्हणाले.

 सगळे आमच्याकडे पाहत होते. मी पर्समधून कार्ड काढलं, अप्पांच्या ओळीखाली लिहिलं, "मी हिला ओळखते. इंदुमती सदाशिव शिरोळकर," आणि सही केली.

पहिला मंजुनाथ आला. हातात एकच पेला. "वेणक्का, तगोळ्री. साखर नाही घातली, गोत्तैती ननगे." तिला साखर चालत नाही हे त्याला माहीत होतं. मागोमाग केबिनमधून श्रीहरी बाहेर आला. "वेणक्का, इथं काय उभी राहिलीस? आत यायचं की! अक्का, तू तरी सांगायचं नाहीस?" कॅशियर उठून उभा राहिला आणि त्याने तिच्या गुडघ्याची चौकशी केली.

मला हसू की रडू असं झालं. इतकं सोपं होतं हे! मी जन्मात कधी इतकी आनंदले नव्हते. खोकी भरणाऱ्या मुलाने माझ्या हातातलं कार्ड अलगद काढून घेतलं, खोक्यात टाकलं आणि पट्टी लावली. मी त्याला थँक्यू म्हटलं. आता सगळं आठवेल, कुठल्याही क्षणी आठवेल, असं म्हणत मी समारंभ आटपल्यावर तीनला तिच्याशेजारी श्रीहरीच्या गाडीत बसले.

७

घरी पोचेपर्यंत मला काहीच आठवलं नव्हतं.

स्वाती दारातच म्हणाली, "वेणक्का, तुमची भाकरी गरम करते, भात नको ना?" जेवायला बसल्यावर श्रीहरीने सिद्धारूढांच्या जत्रेतली गोष्ट काढली, आम्ही दोघी बहिणी गर्दीत हरवलो ती. ती जत्रा मला लख्ख आठवते. मी एकटी हरवले होते, एका खेळणीवाल्याच्या पाटीशेजारी रडत उभी होते. "अगं, तुम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होता," श्रीहरी म्हणाला. "तूच दरवर्षी सांगतेस की, अक्का." स्वातीनेही मान डोलावली. त्या दोघांपाशी तिची चाळीस वर्षं होती, सणवार, आजारपणं, भांडणं, सगळं. माझ्यापाशी मार्च महिन्यातली तीन-चार वाक्यं होती.

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती सगळ्यांना बरोबर उत्तरं देत होती. आईचा शेवटचा दिवस, अप्पांचं ऑपरेशन, स्वातीच्या माहेरच्यांची नावं, एकही चूक नाही. पण छत्तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घातल्यात. शेजाऱ्याच्या पेपरकडे पाहून लिहिणारं पोर अर्ध्या क्षणाने मागे असतं. ती श्रीहरीच्या ओठांकडे पाहायची, आणि त्याचं वाक्य सुरू झालं की मग तिचं सुरू व्हायचं. दोघांची वाक्यं एकाच वेळी संपायची. माझ्याकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही. माझ्यापाशी पाहून लिहिण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ओळख परत घेता येते, हे मला आठवलं. त्याला कार्ड हातात हवं. मी घड्याळाकडे पाहिलं, सव्वाचार झाले होते; कार्डांची गाडी निघून गेली होती.

"इंदू," आतून अप्पांची हाक आली. ते जेवायला आलेच नव्हते.

मी खोलीत गेले. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि माझं मनगट धरलं. 

"त्र्याऐंशीत वेणू कोल्हापूरला मावशीकडे गेली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन महिन्यांनी परत आली. चेहरा तोच, बोलणं तेच. तुझ्या आईने पोटाशी धरलं. तू तिला आपली साडी दिलीस. मला एकट्याला ती वेणू वाटेना. काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं गं. आठ महिने रोज पाहिलं, मग लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून घरात कुणी तिचं नावच काढलं नाही. तुझ्या आईनेसुद्धा नाही. मला एकट्यालाच सगळं आठवत राहिलं."

"अप्पा…"

"ती बाकावर येऊन बसायला लागली. मला केबिनमधून दिसायची. मी काचेला रंग लावून घेतला." ते रडत होते. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. "चाळीस वर्षं एकच विचार करत आलोय मी. मी चुकलो असलो तर? माझीच पोर असली आणि मी तिला रस्त्यावर बसवली असली तर? कुणाला विचारणार? कुणाला काही आठवतच नव्हतं." त्यांनी माझं मनगट आणखी घट्ट धरलं. "पण तू आज भर बँकेत सांगितलंस. तू खोटं सांगायची नाहीस, हे मला माहीत आहे. तीच आहे ना गं ती? तू ओळखलंस ना तिला?"

बाहेर बोलणं थांबलं होतं. भांड्यांचा आवाजही येत नव्हता. मला खरं सांगायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर मी काय केलंय तेही सांगावं लागलं असतं, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा माझ्या तोंडाकडे असा पाहत होता की माझा धीर झाला नाही.

"हो, अप्पा," मी म्हणाले. "तीच आहे."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल झाल्या. मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "वेणू, आत ये बाळ."

हाक पुरी व्हायच्या आत दार उघडलं. ती उंबऱ्यातच उभी होती. तिने पदराने हात पुसले, येऊन अप्पांच्या उशाशी बसली, आणि त्यांच्या बोटांमधून माझं मनगट सोडवून तिथे आपलं दिलं. मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, तू जेव जा," ती म्हणाली. "मी बसते यांच्याजवळ."

अप्पा हसत होते. मी उठले, दार ओढून घेतलं आणि जेवायला जाऊन बसले.